रिसर्च, तबला आणि लेखनिकाचं काम, तिन्ही एकत्र कसं चालवायचं (माझ्या चुकांसकट)

आमच्या घरात लग्न असो नाहीतर मुंज, एक तरी मावशी भेटतेच जी माझ्या ताटात जिलबी वाढता वाढता विचारते, "अगं अभ्यास, तबला, ते तुझं प्रोजेक्ट आणि वर ते अंध मुलांचे पेपर लिहायचं काम, एवढं सगळं जमतं कसं गं तुला?" आणि माझ्या आधी आईच उत्तर देते, "जमतंय कुठे, एकदा तिची खोली बघायला या."

आई बरोबर बोलते. पण दर जूनमध्ये अकरावीत गेलेल्या पोरापोरींचे आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या आईबाबांचे मेसेज येतात, टाइमटेबल पाठव म्हणून, तर एकदाच नीट लिहून टाकते. मी आता पुण्यात बीएस्सी सेकंड इयरला आहे, फिजिक्स. खाली जे आहे ते बहुतेक अकरावी-बारावीतलं.

तर पहिली गोष्ट, टाइमटेबल करू नका. म्हणजे लगेच करू नका. मी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात स्केचपेननं रंगीबेरंगी केलं होतं, पहाटे साडेपाच ते सव्वासहा रियाज, संध्याकाळी सात ते आठ रिसर्च, आठ ते साडेआठ "सोशल वर्क". दिसायला एकदम झकास. प्रत्यक्षात सात ते आठ काय व्हायचं तर लॅपटॉप उघडा, कालची फाइल शोधा, तिचं नाव फायनल की फायनल टू ते आठवा, काल कुठे अडलो होतो ते वाचा, आणि जरा डोकं चालायला लागलं की आई जेवायला हाक मारणार. तीन आठवडे असं केलं आणि रिसर्च नावाखाली फक्त फाइलींची नावं बदलली.

नंतर कधीतरी कळलं की या तीन गोष्टींना लागणारा वेळ एका जातीचाच नाहीये. रियाजाला रोजचा वेळ लागतो, थोडा चालतो पण रोज पाहिजे. रिसर्चला सलग मोठा तुकडा लागतो, आठवड्यातून एकदा मिळाला तरी चालेल पण चार तास कुणी हात लावायचा नाही. आणि सेवेच्या कामात वेळ तुमची नसतेच, समोरचा माणूस वाट बघत असतो, त्याची वेळ तीच तुमची वेळ. हे तिन्ही एकाच मापाच्या चौकोनात बसवायला गेलात की तिन्हीची वाट लागते. आधी प्रत्येक गोष्टीला कुठल्या जातीचा वेळ लागतो ते ठरवा, मग वही काढा.

रियाज: कमी, पण रोज

माझे तबल्याचे सर म्हणायचे, रविवारी चार तास घुमवून काही होत नाही, बोटं सोमवारी विसरतात. अकरावीत मी रोज पंचवीस मिनिटांवर आले, त्याच्या वर नाही आणि (आजारपण सोडून) खालीही नाही. पहिली दहा मिनिटं एकच कायदा (तबल्यातली ठरलेली बोलरचना), बहुतेक वेळा आपला दिल्ली घराण्याचा "धा धा तिट धा धा तूना", बरोबरीत, मग दुगुन म्हणजे दुप्पट लयीत, मेट्रोनोम नाही तर अ‍ॅपवर लेहरा (तालासाठी फिरत राहणारी धून) लावून. पुढची दहा मिनिटं जे येत नाही तेच. शेवटची पाच आवडीचं काहीही, नाहीतर उद्या बसायची इच्छाच होत नाही.

एक फालतू वाटणारी पण कामाची युक्ती सांगते. तबला-डग्गा गवसणीत घालून कपाटावर ठेवू नका. चुंबळीवर, कोपऱ्यात, वर फक्त एक सुती कापड. गवसणीची चेन उघडायचा कंटाळा हे माझ्या अर्ध्या बुडालेल्या रियाजांचं कारण होतं. सकाळी खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करत असतील तर पुडीवर (वरच्या चामड्यावर) जाडसर रुमाल टाकून बसा, आवाज मरतो, बोटांचं काम होतंच.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा देणाऱ्यांसाठी. त्या वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. विज्ञान शाखेच्या मुलांनी एप्रिल-मेच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे, सीईटी, जेईई, नीट सगळं त्याच भागात येऊन पडतं. दिवाळीनंतरचं सेशन धरा. आणि दहावीत असाल तर शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो, सर्टिफिकेट घरात फाइलला लावून बसू नका, ऑफिसात जाऊन विचारा, दोनदा विचारा.

"एकच काहीतरी धर, दोन दगडांवर पाय नको" म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी माझ्याकडे दोन नावं पाठ आहेत. अश्विनी भिडे-देशपांडे, जयपूर-अत्रौली घराण्याच्या, यांची बायोकेमिस्ट्रीतली पीएचडी आहे, भाभा अणुसंशोधन केंद्रातली. आणि प्रभा अत्रे, किराणा घराणं, त्या विज्ञानाच्या पदवीधर होत्या आणि वर कायद्याच्याही. हे सांगितलं की मामा गप्प होतो, निदान त्या दिवसापुरता तरी.

रिसर्च: घरात, स्वस्तात, आणि एकाच प्रश्नावर

अकरावीतल्या मुलाला रिसर्च म्हटलं की मोठी लॅब, पांढरा कोट, नॅनोपार्टिकल असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. तसं नको. जे तुमच्या हाताशी रोज आहे त्यातला एक छोटा प्रश्न घ्या ज्याचं उत्तर आकड्यात येईल. माझा प्रश्न होता, पावसाळ्यात तबला उतरतो, म्हणजे त्याचा सूर खाली येतो म्हणतात, तो किती उतरतो?

थोडी पार्श्वभूमी, कारण ही मला फार आवडते. साध्या ढोलाच्या पडद्यातून जे वरचे स्वर निघतात ते मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, पहिलाच १.५९ पट, पुढचा २.१४ पट, असे वेडेवाकडे, म्हणून ढोलाला नीट सूर नसतो, दणका असतो. तबल्याच्या मधोमध शाई, म्हणजे तो काळा गोल, असते, तिच्या वजनामुळे हे स्वर सरकून जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत येतात आणि कानाला सूर ऐकू येतो. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच 'नेचर'मध्ये मांडलं होतं, म्हणजे नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी. शाळेत आपल्याला रामन म्हटलं की प्रकाशाचं विखुरणं एवढंच शिकवतात, तबल्याचं कुणी सांगतच नाही.

सामान काय लागलं: फोन, रेकॉर्डिंगला. लॅपटॉपवर ऑडॅसिटी, फुकट आहे, त्यात आवाजाचा तुकडा निवडून स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कुठले स्वर किती जोरात आहेत त्याचा आलेख, काढता येतो (फोनवरच करायचं तर फायफॉक्स नावाचं अ‍ॅप आहे, तेही फुकट). तीन-चारशे रुपयांचा आर्द्रता आणि तापमान दाखवणारा डबा. आणि एक वही. संपलं.

पद्धत अशी की रोज एकाच वेळी, खिडकी बंद, पंखा बंद, फोन तबल्यापासून वीतभर लांब, जमिनीवर खडूनं खूण केलेली, चाटेवर (पुडीच्या कडेला) एकाच जागी "ना" हा बोल पाच वेळा वाजवायचा, पाचही आकडे लिहायचे, नुसती सरासरी नाही. बाहेरच्या हवेच्या आर्द्रतेसाठी हवामान खात्याच्या सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदी असतात, आपल्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसच्या, त्या शेजारच्या रकान्यात. (सिमला ऑफिस का म्हणतात माहितेय ना, खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून.)

आता चूक ऐका. अकरा दिवस मी इमानदारीत आकडे लिहिले आणि अकराही दिवस आकडा तोच. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), म्हणजे २७७ हर्ट्झच्या आसपास, एक-दोन इकडेतिकडे. बाहेर धो धो पाऊस आणि माझा तबला जागचा हलत नाही. मला वाटलं काहीतरी ग्रेट शोध लागलाय. बाराव्या दिवशी बाबा दारात उभे राहून बघत होते, म्हणाले, "पण तू तर आधी हातोडीनं लावून घेतेस की." बसल्या बसल्या पहिलं काम गट्ट्यांवर आणि गजऱ्यावर (तबल्याचा ताण बदलायच्या जागा) हातोडी, आठ वर्षांची सवय, हात आपोआप जायचा. म्हणजे मी रोज आधी तबला सुरात लावत होते आणि मग तो सुरात आहे का ते मोजत होते! अकरा दिवस पाण्यात.

मग सरांकडून एक जुना तबला मागून आणला, शाईला भेग गेलेला, क्लासात पडून असलेला, आणि त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली, "प्रयोग चालू आहे, हातोडी लावू नये". हा तबला कुणीच लावायचा नाही. जुलै ते ऑक्टोबर तो तसाच. अधेमधे कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा भंगारवाला, एकदा तर स्पेक्ट्रममध्ये एक उंच टोक रोज सारखं यायला लागलं, ते शेवटी फ्रिजचं निघालं. ऑगस्टात सर्वांत ओल्या आठवड्यात सूर जवळजवळ पांढरी एकपर्यंत खाली आला होता, म्हणजे २६२ च्या जवळ, पंधरा हर्ट्झ खाली, आणि ऑक्टोबरच्या उन्हात परत चढला. पण आलेख सरळ रेषेत नव्हता. पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस सूर खालीच राहायचा, चामडं हळूहळू वाळतं म्हणून असेल. शिवाय पावसात तापमानही उतरतं, मग आर्द्रतेनं किती आणि तापमानानं किती हे मला वेगळं काढताच आलं नाही. मी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. प्रदर्शनात एका परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "याचा समाजाला उपयोग काय?" मी म्हटलं तबलजींना होईल, ते पुढच्या टेबलावर गेले. दुसऱ्या बाईंनी मात्र वही मागितली, पान पान उलटून बघितली आणि ते अकरा वाया गेलेले दिवस वहीत तसेच ठेवलेत, खोडले नाहीत, म्हणून पाठ थोपटली. तेव्हा चुकलेली पानं फाडू नका, कधीच.

रोजची ती मोजणी पाच मिनिटांची, ती मी रियाजाला चिकटवून टाकली. खरा रिसर्च मात्र रविवारी सकाळी आठ ते बारा, फोन आईकडे, आठवड्याचे आकडे भरायचे, आलेख काढायचे, अडलेलं वाचायचं. आठवड्यातून एकच दिवस, पण सलग.

मार्गदर्शक कसा मिळवायचा हे सगळ्यांना हवं असतं. पुण्यात आयसर, एनसीएल, आयुका असल्या संशोधन संस्थांची रेलचेल आहे पण तिथल्या माणसांना "मला विज्ञानाची अत्यंत आवड आहे, कृपया मार्गदर्शन करावे" असे मेल ढिगानं येत असणार. मी सात जणांना लिहिलं. पहिल्या चारांना असंच गोडगोड लांबलचक, एकाचंही उत्तर नाही. पुढच्या तिघांना पाच ओळी: मी अकरावीत आहे, हे मोजलं, हा एक आलेख, इथे अडलेय, एवढंच सांगाल का. एकांनी बिझी आहे कळवलं, एक गप्प, आणि तिसऱ्यांचं एका ओळीत उत्तर, "खोलीचं तापमान नोंदवलंस का?" मी डब्यावरची फक्त आर्द्रता लिहीत होते, तापमान समोर दिसत असून सोडून देत होते. त्या एका ओळीनं माझं प्रोजेक्ट वाचलं. तेव्हा आधी काहीतरी मोजा, मग मेल करा, उलटं नको. आणि लाजाळू असाल तर आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान असतं, तिथे जाऊन शेवटी एक प्रश्न विचारायची सवय लावा. फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी उघडतात, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशपैकी काही जवळून बघता येतात आणि बाहेर विद्यार्थ्यांची प्रोजेक्टं मांडलेली असतात. ती बघा. बघितल्यावर आपली चूक पटकन कळते, दुसऱ्याची तर त्याहून पटकन.

सेवा: जिथे कुणीतरी तुमची वाट बघतंय असं काम घ्या

एनएसएसवाल्यांना (राष्ट्रीय सेवा योजना) वर्षाला १२० तास भरायचे असतात, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. वाईट नाहीये, पण नुसते तास भरायचे म्हणून झाडू हातात घेऊन फोटो काढणारे मी भरपूर बघितलेत, त्यावर जास्त बोलत नाही.

मी लेखनिक झाले. दृष्टिहीन विद्यार्थी तोंडी उत्तर सांगतात, आपण लिहायचं. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो, त्यामुळे अकरावीच्या मुलांना कॉलेजातल्या ताई-दादांचे पेपर मिळतात आणि कायम तुटवडा असतो, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलला लेखनिकांच्याही परीक्षा असतात. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. जाणंयेणं धरून दिवस गेला समजा. आयडी, फोटो, कॉलेजचं पत्र आदल्या रात्री बॅगेत. सकाळी झेरॉक्स शोधत फिरू नका, समोरच्याचा पेपर सुरू होत असतो.

माझा पहिला पेपर इतिहासाचा. दादा भराभर सांगत होता, आणि पेशवाई कधी संपली तिथे म्हणाला, "अठराशे एक्याऐंशी." मला माहिती होतं १८१८. पेन थांबलं. सुपरवायझर बाई समोरच उभ्या. पण आपण सांगितलेलंच लिहायचं, सुचवायचं नाही, "हं?" असं नुसतं सुरात विचारलं तरी ते सुचवणंच झालं. मी १८८१ लिहिलं, इतकं जड हातानं की पानाच्या मागे उमटलं. शेवटची वीस मिनिटं राहिली तेव्हा दादा म्हणाला, आता पहिल्यापासून वाचून दाखव. मी सपाट आवाजात वाचत गेले, त्या ओळीवर अजिबात न रेंगाळता. "थांब. काय लिहिलंस? एक्याऐंशी? नाही नाही, एक आठ एक आठ." मी खोडून लिहिलं. बाहेर आल्यावर तो हसत म्हणाला, तुझा श्वास थांबलेला ऐकू आला मला. आता हे सुचवणं झालं की नाही देव जाणे, पण त्यानंतर मी श्वासावरही लक्ष ठेवते.

तर दोन नियम: वाचून दाखवायला वेळ राखून ठेवा, आणि वाचताना आवाज सपाट. आणि तिसरा, हो म्हटलं की जायचंच. रियाज बुडाला तर सर ओरडतील, रविवार बुडाला तर प्रोजेक्ट आठवडाभर मागे पडेल, पण लेखनिक आला नाही तर समोरच्याचा पेपर जातो. म्हणून एका सेशनला दोनच पेपर घ्यायचे असं मी ठरवलं, पाच घेऊन तीन पाडण्यापेक्षा बरं.

वर्षाची मांडणी

आता वही काढा. आठवड्याची नाही, वर्षाची मांडणी करा. माझी अशी होती. जून ते सप्टेंबर रिसर्च पुढे, कारण पाऊस तेव्हाच आणि कॉलेजही जरा सुस्त. गणपतीत सगळं बंद, पथकात असाल तर विचारूच नका. ऑक्टोबरच्या शेवटी लेखनिकाचे पेपर, नोव्हेंबरमध्ये विज्ञान ऑलिंपियाडची पहिली फेरी (मी एकच विषय दिला, निवड झाली नाही, काही बिघडलं नाही), मग तबल्याची परीक्षा, डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन आणि सवाई गंधर्व संगीत महोत्सव. सवाईचे दिवस मी आधीच लाल शाईनं भरून टाकते, त्या आठवड्यात कुणी काही मागायचं नाही. जानेवारीपासून फक्त अभ्यास. बघा, तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात पुढे नसतात. एक पुढे, दोन मंद आचेवर.

झोप सात तास, यात घासाघीस नाही. मी महिनाभर पाच तासांवर काढला आणि केमिस्ट्री प्रॅक्टिकलला ब्युरेटचा नॉब उघडा ठेवून टायट्रेशन बघत बसले होते.

बारावीला काय सोडायचं हे आधीच ठरवा आणि सांगून सोडा. मी जानेवारीत लेखनिकांच्या ग्रुपवर लिहिलं, "परीक्षा संपेपर्यंत मी उपलब्ध नाही, जूनपासून परत दोन पेपर घेईन." उत्तर आलं, ओके आणि हात जोडलेला इमोजी. दोन दिवस मी घाबरत होते त्या मेसेजला. रियाज वीस मिनिटांवर आणला पण सोडला नाही. प्रोजेक्ट पूर्ण बंद, वही सीलबंद पाकिटात, आणि तो जुना तबला बाल्कनीशेजारच्या फळीवर, चिठ्ठीसकट. मे महिन्यात सीईटी संपवून तो काढायला गेले तर आईनं त्याच्यावर कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवलेली. "हातोडी लावू नये एवढंच लिहिलं होतंस," म्हणाली.